काहीही हं, प्रेक्षक!

‘काहीही हं श्री!’ हे वाचताना डोक्यात तो ठरावीक सूर वाजला ना? गंमत बघा, ‘होणार सून मी ह्या घरची’ झी मराठीवर २०१३ ते २०१६ या काळात लागायची. तेव्हा तुम्ही-आम्ही दुसरी-तिसरीत. आपण कुणी ती मालिका मुद्दाम बसून बघितली नाही. आई-आजी बघायच्या आणि आपण त्याच खोलीत गृहपाठ करायचो. मुलुंडच्या आमच्या घरात तर दुसरी खोलीच नव्हती. त्यामुळे मला पाढ्यांच्या आधी जान्हवीच्या सहा सासवा पाठ झाल्या.

मग जान्हवीला दिवस गेले. ते दिवस मालिकेत इतके लांबले की व्हॉट्सअॅपवर जोकचा पूर आला. आईच्या फोनवरून मीही दोन-चार फॉरवर्ड केलेत, खोटं कशाला बोलू. पण आज प्रश्न पडतो, त्या जोकवर फोटो कुणाचा असायचा? वाहिनीच्या लोगोचा नाही, लेखकाचा तर नाहीच. फोटो तेजश्री प्रधानचा. बाळंतपण लांबवायचं हे तिने थोडंच ठरवलं होतं!

डेली सोप कसं चालतं, हे मास मीडियाला असाल तर माहीत असेलच. दर गुरुवारी टीआरपी येतो. आकडा घसरला की ट्रॅक वळतो, वधारला की तोच ट्रॅक ताणला जातो. गोरेगावच्या फिल्मसिटीत, मढला किंवा घोडबंदर रोडला सेट, बारा-बारा तासांची शिफ्ट, हातात पडेल तो सीन. कामाचा हिशेब दिवसावर आणि पैसे हातात यायला बहुतेकदा तीन महिने. या सगळ्यातून जी ‘इमेज’ तयार होते तिच्यावर पन्नास जणांचे हात फिरलेले असतात. चेहरा मात्र एकटीचा.

तुमच्यापैकी जे रात्री दोनपर्यंत चिनी मालिका बघतात त्यांना फरक लगेच कळेल. तिकडे मालिका बहुतेक वेळा पूर्ण शूट होऊनच लागते. २०१८ची ‘स्टोरी ऑफ यानशी पॅलेस’ सत्तर भागांची. वू जिनयानची ती नायिका सुरुवात-मध्य-शेवट घेऊनच प्रेक्षकांसमोर आली. आपल्याकडे नायिकेचा पुढचा महिना कसा जाणार, हे नायिकेलाही ठाऊक नसतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे शुभ्रा. २०१९च्या ‘अग्गंबाई सासूबाई’तली तेजश्रीची शुभ्रा आठवा. सासूचं, म्हणजे निवेदिता सराफांच्या आसावरीचं, दुसरं लग्न लावून देणारी खमकी सून. माझ्या आजीने ती मालिका नाक मुरडत सुरू केली आणि लग्नाच्या एपिसोडला डोळे पुसले. २०२१मध्ये त्याचाच पुढचा भाग ‘अग्गंबाई सूनबाई’ आला. शुभ्रा तीच, पण अभिनेत्री उमा पेंढारकर आणि स्वभाव एकदम दबलेला! खमकेपणा कुठे गेला? लोकांनी राग काढला तो मात्र नव्या मुलीवर, ‘आधीचीच बरी होती’ म्हणत. कागदावरची शुभ्राच बदलली होती हो, त्याला ती काय करणार?

‘प्रेमाची गोष्ट’च्या वेळी पुन्हा तेच. २०२३मध्ये सुरू झालेल्या या मालिकेतून जानेवारी २०२५मध्ये तेजश्री बाहेर पडली आणि मुक्ता झाली स्वरदा ठिगळे. लगेच प्रत्येकाला कारण हवं. आपण एवढा वेळ दिला, म्हणजे हिशेब मागायचा हक्क मिळाला, असा काहीतरी समज. २०१४मध्ये तिचं आणि शशांक केतकरचं खरं लग्न झालं, पुढे ते टिकलं नाही, तेव्हाही लोकांना आपली जान्हवी आणि आपला श्री वेगळे झाल्याचंच दुःख होतं. दोन खरी माणसं त्यात आहेत, हे कुणाच्या गावी नव्हतं.

आता, तेजश्री बिचारी वगैरे आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. डोंबिवलीची ही मुलगी दहा वर्षांहून जास्त काळ मुख्य भूमिका करतेय. माझी तक्रार उलट या मालिकांबद्दल आहे. जान्हवी लग्न करून सहा सासवांच्या घरात जाते, शुभ्रा सासूचं लग्न लावते, मुक्ता एका लहान मुलीसाठी लग्नाला उभी राहते आणि २०२५च्या ‘वीण दोघांतली ही तुटेना’तली स्वानंदी लग्नाचं वय उलटलं म्हणून ऐकून घेते. वय वाढत गेलं, भूमिका शहाण्या होत गेल्या, हे मान्य. पण चारही ठिकाणी गोष्ट फिरते ती लग्नाभोवतीच. एवढ्या ताकदीच्या नटीला एखादा खटला लढताना किंवा निवडणूक हरताना बघायला मला आवडलं असतं.

माझी एक मैत्रीण सध्या लेक्चर बुडवून वर्सोव्याला आरामनगरला ऑडिशनला जाते. अंधेरीहून येताना ट्रेनमध्ये तिने विचारलं, ‘‘सुनेचा रोल मिळाला तर घेऊ का? कायमची सूनबाई होऊन बसेन.’’ मी म्हटलं, ‘‘घे.’’ मग ती म्हणाली, ‘‘आणि माझं मीम झालं तर पहिलं फॉरवर्ड तूच करशील.’’ बोरिवली येईपर्यंत मी गप्प होते.