नावांच्या जमिनीचे कूळ

सोने, जमीन आणि कंपन्यांचे भाग ही मध्यमवर्गीयांच्या गुंतवणुकीची परिचित क्षेत्रे होत. त्यांत आता संकेतस्थळांच्या नावांची भर पडली आहे. एखाद्या देशाच्या आद्याक्षरांनी संपणारी नावे आज अल्प दरात नोंदवावीत आणि उद्या एखाद्या उद्योगाला गरज भासताच शतपट किमतीला विकावीत, हा विचार सुशिक्षित तरुणांना मोहात पाडू लागला आहे. शिकवण्या करून साठवलेले पैसे या कामी गुंतवावेत काय, असे एका विद्यार्थ्याने मला परवा विचारले. उत्तर देण्यापूर्वी तो नेमके काय विकत घेणार आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

देशांची ही दोन अक्षरे एका आंतरराष्ट्रीय यादीतून येतात व प्रत्येक देशासाठी एक व्यवस्थापक नेमलेला असतो. या व्यवस्थेचे एक शिल्पकार जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मधील टिपणात, येथे हक्क आणि मालकी यांची भाषा अप्रस्तुत असून जबाबदारी व सेवा यांचाच विचार व्हावा, असे स्पष्ट केले होते. हे टिपण व्यवस्थापकांना उद्देशून होते. परंतु व्यवस्थापकच जेथे मालक नाही, तेथे नाव नोंदवणारा मालक कसा ठरेल? त्याला मिळतो तो ठरावीक मुदतीचा वापर; फी भरली तर मुदत वाढते, न भरल्यास नाव हातचे जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत तो जमीनदार नव्हे, कूळ आहे.

मग या जमिनीला मोल येते कोठून? रिकार्डोने सांगितले होते की खंडामुळे धान्य महागत नाही, धान्य महागल्यामुळे खंड वाढतो. प्रशांत महासागरातील तुवालू या दहा-अकरा हजार वस्तीच्या देशाची आद्याक्षरे 'टीव्ही' ही निघाली, हा निव्वळ योगायोग. त्या अक्षरांच्या उत्पन्नाने २००० साली संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व घेण्यास त्या देशाला हातभार लागला. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेटाच्या वाट्याला 'एआय' ही अक्षरे आली. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट उसळताच २०२३ मध्ये नावांच्या नोंदणीतून तेथील शासनाला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. म्हणजे एकूण शासकीय महसुलाचा पाचव्याहून अधिक हिस्सा. हा अनर्जित लाभ खराच. पण तो सार्वजनिक तिजोरीत गेला, म्हणून त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.

कुळाची स्थिती मात्र निराळी आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताच संघाच्या 'ईयू' अक्षरांखाली ब्रिटनमधील रहिवाशांनी नोंदवलेली हजारो नावे २०२१ च्या प्रारंभी स्थगित झाली. त्यांत नावधारकांचा काही दोष नव्हता. युगोस्लाव्हिया नाहीसा झाला आणि २०१० मध्ये 'वाययू' ही अक्षरेही इतिहासजमा झाली. तंत्रोद्योगाची लाडकी 'आयओ' ही अक्षरे हिंदी महासागरातील ब्रिटिश प्रदेशाची. तेथील चागोस बेटांवरून १९६८ ते १९७३ या काळात मूळ रहिवाशांना हाकलण्यात आले. मे २०२५ मध्ये ब्रिटनने या बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर सही केली. एखादा प्रदेश आंतरराष्ट्रीय यादीतून वगळला गेला, तर त्याची अक्षरे सामान्यतः पाच वर्षांत मागे घ्यावीत, असे आजचे धोरण आहे. तात्पर्य, ज्या गुंतवणुकीचे भवितव्य परराष्ट्र मंत्रालयांच्या टेबलावर ठरते, तिला सुरक्षित कसे म्हणावे?

हिशेबही तपासावा. समजा, एखाद्याने वार्षिक ७०० रुपये फीची १०० नावे घेतली, तर दरसाल ७०,००० रुपये खर्च होतात. मुदतठेवीला व्याज मिळते, भागांना लाभांश मिळतो. पडून राहिलेल्या नावाला काहीच मिळत नाही. शिवाय दुसऱ्याच्या बोधचिन्हाशी मिळतेजुळते नाव दुष्ट हेतूने अडवल्याचे सिद्ध झाल्यास, आपल्या 'डॉट इन'च्या तंटानिवारण धोरणानुसार ते काढून घेता येते.

नावांचे व्यापारी म्हणतील, आम्ही जोखीम पत्करतो, ग्राहक शोधतो, म्हणून नफा आमचा. त्यात तथ्याचा अंश आहे. परंतु नाव अडवून ठेवल्याने देशाच्या उत्पादनात कणभरही भर पडत नाही. नव्याने धंदा उभारणाऱ्यावर मात्र एक खासगी कर बसतो. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व ज्या महाराष्ट्राने शेतीत मान्य केले, त्याला हे वेगळे सांगावयास नको. 'डॉट इन'ची नोंदणी २००५ मध्ये सर्वांना खुली झाली. २०१४ मध्ये देवनागरीतील 'डॉट भारत' आले. या दोन्हींसाठी प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की पहिली काही नावे स्वस्त असावीत, पण एकाच धारकाकडे न वापरलेली नावे जसजशी साठतील, तसतशी नूतनीकरणाची फी चढती असावी. पडीक भूखंडावर कर बसवण्यामागे जे तत्त्व आहे, तेच येथेही लागू पडते.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले : एक नाव अवश्य घे, पण ते विकण्यासाठी नव्हे; त्या नावाखाली काही उभे करण्यासाठी घे.