अडेनियम मऊ पडलं तर

पावसाळा लागला की अडेनियमबद्दल विचारणा सुरू होते. पानं पिवळी पडून गळताहेत, कळ्या झडताहेत, कोणतं खत देऊ? खत कोणतंच नको, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. आजारी झाडाला खत घालणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसापुढे बिर्याणीचं ताट ठेवणं. आधी दुखणं ओळखायचं, इलाज मागाहून.

हे झाड मूळचं आफ्रिकेतलं आणि दक्षिण अरबस्तानातलं. कोकणातली जी मंडळी ओमानला नोकरीला आहेत, त्यांच्यापैकी कुणी सलालाहच्या बाजूला फिरलं असेल तर धोफारच्या डोंगरांत ते रानात उगवलेलं पाहिलं असेल. तिथेही जून ते सप्टेंबर ‘खरीफ’ची झिमझिम असते. पण झाड उभं असतं खडकाच्या उतारावर, पाणी आलं तसं वाहून जातं. आपल्याकडे तेच झाड प्लॅस्टिकच्या कुंडीत, चिकट काळ्या मातीत बसतं, खाली बशी, वरून महाराष्ट्राचा पाऊस. त्यात तांदूळ धुतलेलं पाणी, मटण धुतलेलं पाणी गुलाबाला घालतात तसं यालाही मिळतं. खोडाचा तो फुगीर गड्डा म्हणजे झाडाची पाण्याची टाकी. टाकी भरलेली असताना मुळं ओलीच राहिली की कूज धरते.

म्हणून पहिली तपासणी बोटांनी करायची. गड्डा सगळ्या बाजूंनी दाबून पाहा. कडक असेल आणि दिवस डिसेंबर-जानेवारीचे असतील, तर पानगळ थंडीची आहे. पाणी कमी करा आणि झाडाला झोपू द्या. गड्डा सगळीकडून सारखाच थोडा मऊ, साल सुरकुतलेली आणि माती कोरडी ठाक असेल, तर झाड तहानलेलं आहे. नीट पाणी दिलं की दोन-चार दिवसांत ते पुन्हा घट्ट होतं. पण एकाच जागी बोट आत जात असेल, तिथली साल तपकिरी झाली असेल, दाबल्यावर पाणी सुटून वास येत असेल, तर ती कूज आहे. मग उद्यावर ढकलू नका. कूज गड्ड्यात शिरली की आठवडाभरात झाड जाऊ शकतं.

आमच्या शेजारच्या खालांचं अडेनियम बारा वर्षांचं. मुलीच्या लग्नाच्या वर्षी आणलेलं, म्हणून जीव जास्त. गेल्या ऑगस्टमध्ये एका बाजूने ते मऊ पडलं. खाला म्हणाल्या, “कापायचं म्हणजे मारायचंच ना?” आम्ही म्हटलं, नाही कापलं तर नक्की जाईल, कापलं तर वाचायची आशा आहे. झाड कुंडीतून काढलं, मुळं नळाखाली धुतली. सुरी स्पिरिटने पुसली आणि सडलेला भाग कापत गेलो. आतला गर स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत कापायचं, तपकिरी ठिपका एकही ठेवायचा नाही आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसायची. मुळाकडचा निम्मा गड्डा गेला. कापलेल्या जागी बुरशीनाशकाची पूड लावली आणि झाड सावलीत, वाऱ्याला दहा दिवस उलटं टांगून ठेवलं. जखम चामड्यासारखी सुकल्यावर कोरड्या मिश्रणात लावलं आणि आठ दिवसांनी पहिलं पाणी दिलं. झाड आज वाकडं आहे. या उन्हाळ्यात त्याला सात फुलं आली, खालांनी मोजून सांगितली.

मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा पेरलाइट हवं, बाकी माती आणि थोडं शेणखत. बशी काढून टाका.

बुरशीनाशकाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. दुकानात बहुतेक वेळा कार्बेन्डाझिम हाती पडतं. काही बुरशींवर ते चालतं, पण पावसाळी कुजीमागे पुष्कळदा पिथियम किंवा फायटोप्थोरा असतात आणि त्यांच्यावर ते काम करत नाही. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेली पूड मागा, लिटरला दोन ग्रॅम. हातमोजे घाला आणि डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

किडींमध्ये सगळ्यात चिवट पिठ्या ढेकूण. कापसासारखे पांढरे पुंजके पानांच्या बेचक्यात, कळ्यांच्या देठाशी बसतात. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की हा शोधायचाच, कारण त्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात. दोन-चारच पुंजके असतील तर कान साफ करायची कापूसकाडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. जास्त असतील तर पाच मिलि निंबोळी तेलात भांडी धुण्याच्या लिक्विडचे काही थेंब घोळून एक लिटर कोमट पाण्यात मिसळा आणि ऊन उतरल्यावर फवारा. एकदा फवारून भागत नाही, अंड्यांतून नवी पिल्लं येतच राहतात. दर सात दिवसांनी, निदान तीन वेळा. वर काही दिसत नाही आणि झाड तरी खुरटलेलं असेल, तर कुंडी उपडी करून मुळं बघा. पिठ्या तिथेही लपतो.

कोवळ्या शेंड्यांवरचा पिवळा मावा कण्हेरीचा पाहुणा. अडेनियम कण्हेरीच्याच कुळातलं, त्यामुळे मावा इकडेही येतो. पाण्याच्या धारेने धुऊन काढा. शेपटीवर काटा असलेली हिरवी जाड अळी एका रात्रीत फांदी बोडकी करते. तिला फवारा कशाला, हाताने उचलावी.

उन्हाळ्यात पानं निस्तेज, बारीक ठिपकेदार झाली तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर चालणारे कण दिसले तर तो लाल कोळी. तो कीटकच नव्हे, त्यामुळे नेहमीचं कीटकनाशक त्याच्यावर फुकट जातं. पानांच्या खालच्या बाजूने पाणी मारत राहा किंवा पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा, मात्र कडक उन्हाच्या दिवसांत नाही आणि निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी नाही. कलांचोच्या पानांवर हिवाळ्यात पिठासारखी भुरी येते, तिलाही हेच गंधक. कलांचोची पानं नाजूक असतात, म्हणून आधी एका पानावर फवारून दोन दिवस वाट पाहा.

आणि एहतियात म्हणून एवढं: अडेनियमचा चीक विषारी असतो. आफ्रिकेत शिकारी तो बाणांच्या टोकांना लावत आले आहेत. छाटणीनंतर हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका. बकरी ईदला बकरा गच्चीवर बांधणार असाल, तर अडेनियम आणि कलांचो, दोन्हींच्या कुंड्या त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा आधीच हलवा. कलांचोही जनावरांना घातक आहे, आणि बकरा काही विचारून खात नाही.