पोच

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा मुलगा दोन दिवस राहायला आला आणि त्यातला दीड दिवस मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. तिसऱ्यांदा चहा गरम करून दिला तेव्हा म्हणाला, "मावशी, दोन सर्व्हर एकमेकांशी धड बोलत नाहीयेत गं." मी म्हटलं, "मग भांडण कशावरून आहे ते तरी सांग!"

त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

एका कंपनीचे दोन सर्व्हर तिसऱ्या सर्व्हरकडे ऑर्डरी पाठवतात. फोनसारख्या नाही, टपालासारख्या. पाठवणाऱ्याकडे निघालेल्या निरोपांची रांग असते, घेणाऱ्याकडे आलेल्यांची. घेणारा बंद असला तर निरोप रांगेत थांबतो, तो सुरू झाला की पुढे जातो. मायक्रोसॉफ्टची ही व्यवस्था १९९७ पासून आहे, तिला एमएसएमक्यू म्हणतात. घेणाऱ्याकडून पोच आली की मगच पाठवणारा आपल्याकडची प्रत काढून टाकतो. हे ऐकून मला बरं वाटलं. रजिस्टर पत्राला पोचपावतीचं कार्ड जोडणाऱ्या पिढीतली मी!

तर, दोनपैकी एका सर्व्हरचे निरोप अडकत होते. भाच्याने सगळं तपासलं. नेटवर्क ठीक. १८०१ क्रमांकाचं दार, म्हणजे पोर्ट, उघडं. रांगेचं नाव बरोबर, परवानग्या बरोबर, डिस्कवर जागा भरपूर. चुकीची सूचना कुठेच नाही. फक्त पाठवणाऱ्याच्या रांगेत 'पोच न आलेले' असा एक रकाना असतो, त्यातला आकडा वाढत चाललेला.

शेवटी सापडलं. दुसरा सर्व्हर नव्याने न उभारता कोणीतरी पहिल्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून उभा केला होता. या व्यवस्थेत प्रत्येक यंत्राला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. नक्कल करताना तोही आला. घेणारा सर्व्हर त्या क्रमांकावरून पत्ता लक्षात ठेवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या निरोपाची पोच तो इमानेइतबारे पहिल्याला पाठवत होता. आणि दुसरा बिचारा वाट बघत बसलेला. जुना क्रमांक पुसला, नवा घ्यायला लावला, सेवा पुन्हा सुरू केली, रांग हलली.

मला माझा आठवीचा वर्ग आठवला. एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन मुली होत्या. एकीच्या प्रगतिपुस्तकावर दुसरीच्या वडिलांची सही होऊन आली होती. सही खरी, वडील खरे, फक्त मुलगी दुसरी! त्यानंतर मी दोघींच्या नावापुढे आईचं नाव लिहायला लागले.

असो. माझ्या मनात घर करून राहिलं ते त्याने जाता जाता सांगितलेलं. या व्यवस्थेत निरोपाचा प्रकार आणि रांगेचा प्रकार जुळला नाही, तर निरोप गुपचूप टाकून दिला जातो. पाठवणाऱ्याला ते कळतं का? त्याने आधीच पोच मागून ठेवली असेल तर कळतं. नाहीतर त्याच्या लेखी काम झालेलं असतं.

हे ऐकलं आणि माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाई डोळ्यांसमोर आल्या. आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठा टेकवून ऑनलाइनही देता येतो. बाईंनी तसा दिला. मोबाइलवर क्रमांक आला, त्यांनी तो वहीत लिहून ठेवला आणि निर्धास्त झाल्या. पुढे पेन्शन आली नाही. दोन महिने आली नाही. औषधांचे पैसे मुलाकडे मागताना त्यांना काय वाटलं असेल, ते मुलांकडे कधी न मागितलेल्यांनाच कळेल. चौकशीला गेल्या तर उत्तर मिळालं, "दाखला आमच्याकडे आलाच नाही." बाई समोर उभ्या होत्या, वहीत क्रमांक होता, आणि कागदोपत्री त्या हयात नव्हत्या!

तो क्रमांक दाखला तयार झाल्याचा होता, स्वीकारल्याचा नव्हे. हा फरक सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी ओळखावा, ही अपेक्षाच मला मान्य नाही. माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्यावर कोणाची चूल अवलंबून आहे, अशा प्रत्येक निरोपाची पोच देणं हे घेणाऱ्याचं काम आहे. "स्वीकारला" किंवा "नाकारला, अमुक कारणाने", एवढे दोन शब्द. आणि ठरल्या दिवसांत पोच आली नाही, तर पेन्शन थांबवण्याआधी कोणीतरी रांग उघडून बघावी. गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नये.

भाचा म्हणाला, "मावशी, प्रत्येक निरोपाची पोच मागितली तर काम वाढतं, वेग कमी होतो." खरं आहे. व्हॉट्सअॅपवर सकाळी येणाऱ्या गुलाबांची पोच कोणी देऊ नये, मीही देत नाही. पण कुठल्या निरोपाला पोच हवी हे ठरवायला आधी माणसाला पोच हवी. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, तो उगाच नसावा.

भाचा निघाला तेव्हा सवयीने म्हटलं, "पोचलास की कळव." रात्री साडेनऊपर्यंत फोन नाही. दुसऱ्यांच्या पोचपावत्यांसाठी दीड दिवस जागणारा मुलगा! शेवटी मीच लावला. "अगं, पोचलो की कधीच," म्हणाला.

तुमच्याकडेही अशी मुलं असतीलच. आणि हो, हे वाचलंत तर दोन ओळी लिहून पोच द्या.