'दोघांना देऊन टाका' म्हणण्याआधी

आयपीएलचा सीझन संपला की आपल्याकडे दुसरा सीझन सुरू होतो. हा मैदानावर नसतो. तो कॉलेजच्या कट्ट्यावर, हॉस्टेलच्या मेसमध्ये आणि खुलताबादहून शहरात येणाऱ्या सकाळच्या एसटीत खेळला जातो. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं? ट्रेड विंडो उघडी असेपर्यंत आपण सगळेच संघमालक. दौलताबादचा घाट उतरेपर्यंत दोन-तीन संघांची उलथापालथ झालेली असते. या सगळ्या गोंगाटात एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'अरे, त्या दोघांना देऊन टाका ना. फ्लॉप आहेत ते.'

'ते दोघे' दर वर्षी बदलतात. त्यांचं वय मात्र फारसं बदलत नाही. वीस ते पंचवीस. म्हणजे हे वाक्य जो बोलतो, जवळपास त्याच्याच वयाचे.

चर्चा होऊ नये असं अजिबात नाही. वाद नसेल तर फॅन असण्यात मजा ती काय? संघ बदलणं, खेळाडू सोडणं हा खेळाचाच भाग आहे. अडचण 'फ्लॉप' या शब्दाची आहे. ज्याला भरपूर संधी मिळून जमलं नाही आणि ज्याला धड संधीच मिळाली नाही, अशा दोघांनाही आपण हा एकच शब्द चिकटवतो. मग निकालही एकच देतो.

एक शब्द, दोन खेळाडू

आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये दिल्ली कॅपिटल्सच्या संघात मुंबईचे दोन तरुण फलंदाज होते, पृथ्वी शॉ आणि सर्फराज खान. सीझन सुरू झाला तेव्हा पृथ्वी २३ वर्षांचा आणि सर्फराज २५ वर्षांचा. दोघेही रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेचे. हॅरिस शील्डमध्ये सर्फराजने २००९ मध्ये ४३९ धावा केल्या होत्या, तर पृथ्वीने २०१३ मध्ये ५४६. शाळेत असतानाच पेपरात फोटो छापून आलेली ही मुलं.

त्या वर्षी दिल्लीने पहिले पाचही सामने गमावले आणि शेवटी संघ नवव्या स्थानावर राहिला. पृथ्वीने ८ सामन्यांत १०६ धावा केल्या, त्यातल्या ५४ एकाच डावात. सर्फराजने ४ सामन्यांत ५३. झालं, 'दोघांनाही काढा' सुरू झालं. सर्फराजला त्याच वर्षी सोडलं. पृथ्वीला आणखी एक सीझन मिळाला, त्यात ८ सामन्यांत १९८ धावा झाल्या आणि त्यालाही सोडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला झालेल्या महालिलावात दोघांवरही कोणी बोली लावली नाही.

वरवर पाहिलं तर दोघांची गोष्ट एकच वाटते. आता जरा स्कोअरकार्ड उघडून बघू.

पृथ्वी २०१८ पासून दिल्लीकडे होता. सात सीझन, ७९ सामने, १८९२ धावा. २०२१ मध्ये त्याने एकाच सीझनमध्ये ४७९ धावा कुटल्या होत्या आणि शिवम मावीच्या एका षटकात सहा चौकार मारले होते. २०२२ साठी दिल्लीने त्याला साडेसात कोटी रुपयांना कायम ठेवलं होतं. त्याला संधी मिळाली, पैसा मिळाला, सलामीची हक्काची जागाही मिळाली. शेवटच्या दोन वर्षांत धावा आटल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातूनही त्याला वगळलं आणि फिटनेसचा विषय चव्हाट्यावर आला. अशा खेळाडूला संघाने सोडलं तर ते समजण्यासारखं आहे. लिलावाची थैली मर्यादित असते, २०२६ च्या सीझनसाठी ती १२५ कोटींची होती. संघात जास्तीत जास्त २५ जण. एकाला थांबायला सांगितलं तर दुसऱ्या कुणाची तरी जागा अडते. तो दुसराही कुणा गावाचा, कुणा घराचा पोरगाच असतो.

सर्फराजचं प्रकरण वेगळं. दिल्लीने त्याला २०२२ मध्ये २० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं. दोन सीझन मिळून तो १० सामने खेळला. २०२३ मध्ये ऋषभ पंत अपघातामुळे बाहेर होता, तेव्हा सर्फराजला यष्टिरक्षणाचे ग्लोव्हज देऊन उभं केलं गेलं. ते काही त्याचं मुख्य काम नव्हे. ज्या वर्षी तो दिल्लीकडे आला, त्याच वर्षीच्या रणजी हंगामात त्याने ९८२ धावा केल्या होत्या. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात त्याने ६२ आणि नाबाद ६८ धावा केल्या आणि ऑक्टोबरमध्ये बेंगळुरूत न्यूझीलंडविरुद्ध १५०. त्यानंतर साधारण महिनाभराने जेद्दाहमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं आणि कोणाचाच हात वर गेला नाही.

टी-२० आणि रणजी वेगळे खेळ आहेत हे मान्य. पण ७९ सामन्यांनंतरचा निर्णय आणि १० सामन्यांनंतरचा निर्णय एकाच तराजूत कसे घालायचे?

ट्रेड म्हणजे नक्की काय

आयपीएलमधला पहिला ट्रेडही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. जानेवारी २००९ मध्ये मुंबई इंडियन्सने झहीर खानला घेतलं आणि त्या बदल्यात रॉबिन उथप्पा बेंगळुरूला गेला. झहीर श्रीरामपूरचा, म्हणजे आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्यामुळे आपल्याकडे तेव्हा 'आपला माणूस मुंबईत आला' एवढीच बातमी होती. उथप्पाचं काय झालं, हे विचारणारे कमीच.

उथप्पा तेव्हा २३ वर्षांचा होता. टी-२० विश्वचषक जिंकलेल्या २००७ च्या संघातला. हा बदल आपल्याला मनापासून नको होता, असं त्याने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. नव्या संघातला पहिला सीझन त्याला वाईट गेला. २००९ ते २०११ या काळात आपण नैराश्याशी झगडत होतो, हेही त्याने जाहीरपणे सांगितलं. ट्रेडमुळेच हे झालं असं म्हणणं घाईचं ठरेल, मनाचे आजार इतके सरळसोट नसतात. पण बाहेर आपण 'फ्लॉप, फ्लॉप' करत असतो तेव्हा आत काय चाललं असेल, याची आपल्याला कल्पना नसते, एवढं तरी यातून कळावं. २०१४ मध्ये कोलकात्याकडून याच उथप्पाने ६६० धावा करत ऑरेंज कॅप मिळवली आणि त्याच वर्षी कोलकाता विजेता ठरला.

कागदावर ट्रेडला खेळाडूची संमती लागते. स्वतःहून दुसरा संघ शोधायला गेलं तर मात्र काय होतं, ते रवींद्र जडेजाला विचारा. राजस्थानशी कराराचं नूतनीकरण न करता इतर संघांशी बोलणी केली म्हणून २०१० चा अख्खा सीझन त्याला बाहेर बसावं लागलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने संजू सॅमसनच्या बदल्यात त्याच जडेजाला सॅम करनसोबत राजस्थानला दिलं, तेव्हा त्याची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटींवर आली. संघाने खेळाडू दिला की ती 'स्ट्रॅटेजी', खेळाडूने संघ सोडायचं म्हटलं की तो 'पैशांचा लोभी'. निष्ठेची अपेक्षा आपण एकाच बाजूकडून करतो.

बर्फावरची गोष्ट

ही ट्रेडची पद्धत मुरलेली आहे ती अमेरिका-कॅनडातल्या खेळांमध्ये. तिथल्या आइस हॉकीत करारात तसं खास कलम नसेल, तर खेळाडूची संमतीसुद्धा लागत नाही. फोन येतो आणि शहर बदलतं. टायलर सेगिन नावाचा फॉरवर्ड २०१० मध्ये बोस्टनने निवड यादीत दुसऱ्या क्रमांकावर उचलला होता. २०१३ मध्ये बोस्टन अंतिम फेरीत पोहोचलं, पण सेगिनने प्लेऑफच्या २२ सामन्यांत एकच गोल केला. मैदानाबाहेरच्या त्याच्या वागण्याचीही चर्चा झाली. जुलैमध्ये त्याला डॅलसला देऊन टाकलं. वय २१.

डॅलसने त्याची जागा बदलली. बोस्टनमध्ये तो बहुतेक वेळ कडेने खेळायचा, इथे त्याला मध्यभागी आणलं. पुढच्याच सीझनमध्ये त्याने ३७ गोल केले. खेळाडू तोच होता, जागा आणि जबाबदारी बदलली होती. प्रत्येक ट्रेडचा शेवट असा गोड होत नाही, हेही खरं. पण 'याच्यात दम नाही' असा शिक्का मारण्याआधी तो कुठे आणि कशासाठी खेळवला जातोय, एवढं बघायला हवं.

मराठवाड्यातलं पोरगं

आपल्या जवळचं बोलायचं तर तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर. २०२२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आला आणि चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं. मराठवाड्यातल्या पोराला दीड कोटी! पहिला सामना मिळाला तो पुढच्या वर्षी. ३१ मार्च २०२३ ला गुजरातविरुद्ध पदार्पणात त्याने ३६ धावांत ३ बळी घेतले. चेन्नईकडून त्याला एकूण किती सामने मिळाले? दोन. पुढे लखनऊने त्याला ३० लाखांत घेतलं.

आता त्याचंही नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, 'तो? तो तर फ्लॉप गेला.' दोन सामन्यांत?

चेन्नईकडे त्याच्याहून सरस गोलंदाज असतील, तो निर्णय त्यांचा. पण बाकावर बसलेल्याला आपण हरलेला का समजतो? रणजीचे सामने कोणी बघत नाही, सरावाला काय चालतं ते आपल्याला दिसत नाही. दिसतात फक्त डगआउटमधल्या चेहऱ्याचे क्लोजअप आणि त्यावर बनलेले मीम.

टीका आणि टिंगल यांतला फरकही इथेच पुसला जातो. फुटवर्क, फिटनेस, शॉट निवडणं यांवर बोलणं ही टीका. सर्फराजच्या बाबतीत कित्येक महिने त्याच्या वजनावरूनच बोललं गेलं, इतकं की सुनील गावस्कर यांना त्याविरुद्ध जाहीरपणे बोलावं लागलं. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी हार्दिक पंड्याला इतकी हुर्यो मिळाली, की संजय मांजरेकर यांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्याचा दोष एवढाच, की तो ट्रेड होऊन आला आणि कप्तान झाला. तीन महिन्यांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक त्यानेच टाकलं आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. बदललं कोण होतं, तो की आपण?

मग आपण काय करायचं?

वाद घालायचाच. पण 'देऊन टाका' म्हणण्याआधी तीन गोष्टी बघू. पहिली, त्याला किती सामने मिळाले? दुसरी, त्याला त्याच्या जागेवर खेळवलं का? तिसरी, त्याच्या बदल्यात येणारा खेळाडू नेमकी कोणती उणीव भरून काढणार आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देऊनही 'काढा' असंच वाटत असेल, तर बिनधास्त म्हणा. पृथ्वीच्या बाबतीत अनेकांचं उत्तर कदाचित तेच येईल आणि त्यात गैर काही नाही. पण मग ते मत असेल, नुसती चीड नाही.

हे फक्त क्रिकेटपुरतं आहे का? कॅम्पस इंटरव्ह्यूत पहिल्या फेरीत बाद झालेल्या मित्राला, एका विषयात अडकलेल्या मैत्रिणीला, स्पर्धा परीक्षेचा दुसरा प्रयत्न हुकलेल्या दादाला आपणही असाच पटकन शब्द चिकटवतो. त्या वेळी आपल्याकडे स्कोअरकार्डसुद्धा नसतं.

१६ डिसेंबर २०२५ ला अबुधाबीत लिलाव झाला. पृथ्वी आणि सर्फराज, दोघांचीही नावं आधी पुकारून बाजूला पडली होती. नंतर सर्फराजला चेन्नईने आणि पृथ्वीला पुन्हा दिल्लीनेच घेतलं. दोघांची किंमत एकच, ७५ लाख. दिल्लीने ज्याला कधीकाळी साडेसात कोटी मोजले होते, तो बरोबर एक दशांश किमतीत परतला. तोपर्यंत पृथ्वीने मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघाची वाट धरली होती आणि रणजीत चंडीगडविरुद्ध २२२ धावा करून दाखवल्या होत्या. सर्फराजने वजन उतरवलं होतं आणि मुश्ताक अली स्पर्धेत आपल्याला टी-२० जमतं हे सिद्ध केलं होतं.

दोघांना पुढे जमेल, कदाचित जमणारही नाही. खेळ आहे, हमी कोण देणार? पण एसटीतल्या त्या चर्चेत पुढच्या वेळी कोणी 'दोघांना देऊन टाका' म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, 'भावा, किती सामने मिळाले त्याला?' उत्तर आलं नाही तर घाट उतरेपर्यंत वेळ आहे. मोबाइल काढा आणि स्कोअरकार्ड बघा.