सालदार, उचल आणि परदेशचा बाजार

आखाजी आली कीं आपल्या खानदेशांत सालदार ठरतात. दोघांनीं खुशीनें केलेला हा वर्षाचा करार असेल, तोंवर त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु उचल फिटेपर्यंत माणसानें दुसरीकडे जाऊं नये, गेल्यास त्याच्या बायकोनें वा मुलानें राबावें, असें झालें म्हणजे तो करार राहत नाहीं. ती वेठबिगारी होय. १९७६ च्या कायद्यानें असलें कर्जच रद्द ठरविलें असून असें काम घेणारास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेलें कामही सक्तीचेंच मानलें. शहाद्याकडील (तेव्हां तें धुळें जिल्ह्यांत होतें) भिल्ल सालदारांचें गाऱ्हाणें १९७२ पासून श्रमिक संघटनेनें चव्हाट्यावर आणलें. तो विषय आतां जुना झाला असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

शिनजियांगचा कापूस असलेला माल सक्तीच्या श्रमाचा नाहीं असें सिद्ध झाल्याविना आंत घ्यावयाचा नाहीं, हा अमेरिकेचा कायदा जून २०२२ पासून चालू झाला. युरोपीय संघानें २०२४ सालीं केलेला कायदा तर कोणत्याही देशाच्या मालास लागू आहे. त्याचा अंमल १४ डिसेंबर २०२७ पासून ठरला आहे. कोणी म्हणेल, आमचा कापूस जळगांवच्या जिनांत जातो, युरोपाशीं आमचा काय संबंध? पण जिनांत अनेकांचा कापूस एका ढिगांत पडून त्याच्या गाठी बांधल्या जातात. एका शेतांतला दोष मग सगळ्या गाठींस चिकटतो.

व्यापाऱ्यांसही एक शब्द सांगणें प्राप्त आहे. कापडाची मोठी कंपनी हमीपत्र मागते, तें गिरणीकडून जिनाकडे व जिनाकडून शेतकऱ्याकडे येतें. जादा पैसा मात्र वरच अडतो. वेचणीची मजुरी कापसाच्या भावांतूनच निघावयाची ना? तथापि भाव पडला म्हणून माणूस बांधून ठेवण्याची मुभा मिळत नाहीं. सावकाराच्या कर्जास आपणच फास म्हणतों.

आमची सूचना एवढीच कीं, येत्या आखाजीस प्रत्येक सालदाराच्या हातीं एक वही द्यावी. ठरलेली रक्कम, उचल, दिलेलें धान्य, खाडे, सारें तींत दरमहा लिहावें आणि त्याच्या बाजूच्या एखाद्या वाचतां येणाऱ्या माणसाकडून तें त्यास वाचून दाखवावें. तो मध्येंच जाऊं म्हणाला, तर झालेल्या कामाचा हिशेब करून त्यास जाऊं द्यावें. राहिलेली साधी उसनवारी मागावयाची तर ती दिवाणी मार्गानें मागावी, दार अडवून नव्हे.