वडिलांचे घर, भाड्याचा पाहुणा

मे महिना आला की कोकण किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. हॉटेलं भरली की पाहुणे गावात शिरतात आणि विचारतात, "खोली मिळेल का?" आपल्या मोहल्ल्यांत मोठी घरे आहेत. माणसे मात्र मुंबईत किंवा आखातात. मग चावी सांभाळणारा भाऊ दोन खोल्या उघडतो आणि चार पैसे येऊ लागतात. हलाल कमाई आहे, आम्हाला आनंदच आहे. पण "आपण गावात राहतो, इथे कसला कायदा?" हे ऐकले की काळजी वाटते.

मुरुड, श्रीवर्धनला नगरपरिषद आहे. दिवेआगर, हर्णे अशा गावांचा कारभार ग्रामपंचायत पाहते. नगरपरिषद नाही म्हणजे नियम नाहीत, असे नव्हे. आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना नंबर 8 चा उतारा काढा आणि घर कोणाच्या नावावर आहे ते पाहा. घरपट्टी भरलेली असावी. समुद्रालगत नवी खोली बांधण्याआधी किनारा नियमनाचे नियम विचारून घ्या. होमस्टे म्हणून पर्यटन खात्याकडे नोंदणी करता येते. केंद्र सरकारच्या अशा योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या चालतात आणि घरमालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. कुलूपबंद घर राखणदाराच्या भरवशावर दिले तर ते त्यात बसत नाही. परदेशी नागरिक मुक्कामाला आला तर 24 तासांत ठरलेला ऑनलाइन फॉर्म भरून कळवणे बंधनकारक आहे. प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र पाहून वहीत नोंद ठेवावी.

हे झाले सरकारी नियम. घरातला नियम त्याहून नाजूक आहे. घर वडिलांचे असेल आणि वाटणी झाली नसेल, तर त्या घराचे भाडे एकट्या भावाचे कसे? बहिणीचाही त्यात हिस्सा आहे. समजा, आई-वडील हयात नाहीत आणि मागे दोन भाऊ व एक बहीण आहे. हंगामात सगळा खर्च आणि राबणाऱ्याची आधी ठरलेली मजुरी वजा जाऊन 50,000 रुपये उरले, तर भावांचे 20,000-20,000 आणि बहिणीचे 10,000. ती मागत नाही, याचा अर्थ तिने हक्क सोडला असा नाही. माहेर तुटू नये म्हणून ती गप्प असते. तिच्या गप्प राहण्याला संमती समजू नये. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराने दिली आहे. मग भावंडांतला हा हिशेब तोंडी का असावा?

शेजाऱ्याचाही हक्क आहे. मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि आठ पाहुण्यांच्या आंघोळीत शेजारणीचा हंडा रिकामा राहतो. म्हणून आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच सांगा: पाणी जपून वापरा, घरात दारू चालणार नाही, रात्री गोंगाट नको, मागील दारी बायकांचा वावर आहे तिकडे जाऊ नका. स्पष्ट सांगितले की चांगला पाहुणा रागावत नाही.

मेहमाननवाजी आपल्याला वारशात मिळाली आहे, आणि घरही. या हंगामात पहिला पाहुणा येण्याआधी बहिणीला एक फोन करावा.