पाटीवर कुणाचं नाव?

परवा माझी बार्शीची मैत्रीण मुक्कामाला आली. पिशवीत नेहमीप्रमाणे शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि यावेळी जोडीला एक शंभर पानी वही. वहीत नुसती नावंच नावं, बारशाच्या आधी काढतात तशी. मी म्हटलं, "काय गं, नात झाली की काय?" तर म्हणाली, "नात कुठली! चटणीचं बारसं करायचंय. पाकिटं छापायची तर छापखानेवाला म्हणतो, आधी नाव सांगा."

गेली नऊ वर्षं ती उखळात कुटलेली चटणी घरातून विकते. आत्तापर्यंत साध्या पिशवीत भरून द्यायची. आता सोलापूरच्या दोन दुकानांनी माल मागितलाय, म्हणून हा खटाटोप.

वही वाचली. श्री भगवंत गृहउद्योग, अन्नपूर्णा, महालक्ष्मी. मग मुलाचं नाव, मिस्टरांचं, सासऱ्यांच्या स्मरणार्थ एक. कॉलेजातल्या भाचीने सुचवलेलं 'यम्मी डिलाइट' सुद्धा होतं. एकूण अठरा नावं. त्यात हिचं नाव कुठेच नव्हतं. विचारलं तर हसली. "माझ्या नावाने कोण घेणार गं चटणी?"

आता देवांचंच बघा. बार्शीत भगवंताचं देऊळ, त्यामुळे गावात भगवंत नावाची दुकानं किती असतील ते तिलाच ठाऊक. देवाच्या नावाने सुरुवात करावी असं वाटतं, त्यात चूक काही नाही. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं आणि "भगवंतची चटणी द्या" म्हणालं, तर दुकानदार कुठली देणार? शिवाय अशा नावावर एकट्याचा हक्क सांगणं कठीण. एका अगरबत्तीवाल्याने 'रामायण' नाव आपल्यापुरतं राखून ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मग्रंथाचं नाव असं कुणा एकाच्या मालकीचं होऊ शकत नाही. आणि खरं सांगू? रिकामं पाकीट शेवटी गटारीपाशीच पडतं. त्यावर देवाचं नाव बघवत नाही मला.

'अन्नपूर्णा'बद्दल मात्र मला प्रेम आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली एकत्र आणलं, ते याच नावाने. त्यांना ते शोभलं. पण आता प्रत्येक गल्लीत एक अन्नपूर्णा असते. 'सोलापुरी शेंगा चटणी' म्हणावं, तर ते मालाचं वर्णन झालं. नुसतं वर्णन कुणाला सहसा आपल्या नावावर नोंदवून मिळत नाही. आणि 'यम्मी डिलाइट' बाजारातल्या मावशीला एकदा म्हणून दाखवायला सांगा, म्हणजे कळेल! 2022च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात छोट्या दुकानालाही पाटीवर मराठी अक्षरं लावावी लागतात, तीही दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. तेव्हा नाव देवनागरीत कसं दिसतं आणि फोनवर एकदा सांगून समजतं का, ते आधी बघावं.

राहिली घरातल्यांची नावं. याबाबतीत मी जरा कडवट आहे, त्याला कारण आहे. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी काळा मसाला करायच्या. मसाल्याला मुलाचं नाव दिलं. कागदपत्रांसाठी तालुक्याला कोण जाणार, तर दीर. त्यांनी सगळं स्वतःच्या नावावर केलं. तेव्हा कुणाच्या मनात पाप नव्हतं, वहिनीच म्हणाल्या होत्या, "भाऊजी, तुम्हीच सह्या करा, मला काय कळतंय त्यातलं." चौदा वर्षांनी घर वाटलं गेलं आणि नाव दिरांकडे गेलं. आता त्यांचा मसाला त्याच नावाने विकला जातो. चव वेगळी, पाकीट तेच. जे नाव आधीपासून वापरतात त्यांना कायद्यात संरक्षण आहे, हे वकिलांनी सांगितलं. पण वापरत होता हे दाखवा म्हटल्यावर एकही बिल वहिनींच्या नावाचं निघेना. स्वतःच्या मुलाच्या नावाचं पाकीट दुकानात दिसलं की त्या मान फिरवतात.

मुलाबाळांचं नाव देऊच नये, असं नाही. 'निरमा' हे करसनभाई पटेल यांच्या मुलीच्या नावावरून आलेलं नाव. पण पाकिटावर नाव लेकीचं असलं, तरी धंदा करसनभाईंच्या हातात होता. आपल्याकडे उलटं होतं. हात आपले असतात आणि सही दुसऱ्याची.

मी मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझं नाव म्हणजे तरी कुठलं गं? माहेरचं लग्नात तांदळात पुसलं. सासरचं लिहिलं, ते फक्त रेशनकार्डावर. सगळे मला पोराची आई म्हणूनच ओळखतात." तीस वर्षांपूर्वी अंगठीने तांदळात नाव लिहिताना मीच बाजूला उभी होते, 'छान आहे हो नाव' म्हणत! काय बोलणार?

मग मी दुसरंच विचारलं. लोक तुझी चटणी मागताना काय म्हणतात? ती म्हणाली, "काही नाही. आमच्या दारात पिंपळ आहे ना, तर पोरं म्हणतात, पिंपळाखालची चटणी द्या."

घ्या! नऊ वर्षं नाव होतंच की. ते फक्त वहीत नव्हतं. लिज्जत पापडाचंही असंच झालं. 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, आणि 'लिज्जत' हे नाव आलं 1962 साली, पाच रुपयांचं बक्षीस लावून घेतलेल्या स्पर्धेतून. आधी पापड खपले, नाव मागून आलं.

रात्री तिच्या मिस्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आणि रस्ता रुंदीकरणात पिंपळ गेला तर?" माणूस वाईट नाही हो, पण शंका आधी. ही म्हणाली, "मग तर नाव हवंच."

आता कामाचं. हे किंवा याच्यासारखं नाव आधी कुणी घेतलंय का, ते ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. मसाला, चटणी, भाकरी हा माल तिसाव्या वर्गात येतो. एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी साडेचार हजार. नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. तोपर्यंत नावाशेजारी 'टीएम' लिहिता येतं. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय छापू नका, तो गुन्हा आहे. छापखानेवाले शोभेला म्हणून टाकून देतात! आणि अर्जावर, बिलावर, बँकेच्या खात्यावर नाव स्वतःचं. साडेचार हजार एकदम निघत नसतील तर अर्ज पुढच्या दिवाळीनंतर करा. बिलं मात्र पहिल्या पाकिटापासून आपल्या नावाने फाडा.

सकाळी जाताना तिने छापखान्यात फोन केला. पलीकडून विचारलं असावं, मालक म्हणून कुणाचं नाव टाकू? ही क्षणभर थांबली. मग तिने सासरचं नाव आणि आडनाव सावकाश सांगितलं, आणि म्हणाली, "थांबा, कंसात माहेरचंही टाका. जागा आहे ना?"